खोडलेले उणे आठ

वाघोडीच्या हायस्कुलातले दहावीच्या वर्गाचे दार कधीच पूर्ण लागत नसे. खालची फळी फुगलेली होती. ती फरशीला अडायची आणि वीतभर फट राहायची. त्या फटीबाहेर, व्हरांड्यात, शिपाई तानबा नेवारे याचे स्टूल होते. तिथून समोरच्या ऑफिसातले घड्याळ दिसायचे आणि घंटा दहा पावलांवर असायची. अठरा वर्षे तानबा त्या स्टुलावर बसत आला होता. वर्गातले त्याला काही दिसत नसे, पण ऐकू सगळे येई.

आत मधुकरराव वैरागडे गणित शिकवत. सेलूच्या एका कापड दुकानदाराचे ते धाकटे चिरंजीव. दुकान थोरल्या भावाने सांभाळले. मधुकररावांनी वर्ध्याला बी.एस्सी., बी.एड. केले आणि १९७१ साली समुद्रपूर तालुक्यातल्या या गावी रुजू झाले, ते कायमचे. घर बोरगाव मेघेला होते, पत्नी सुमतीबाई तिथे राहत. सोमवारी पहाटेच्या एसटीने यायचे, शनिवारी दुपारच्या एसटीने जायचे, मधले पाच दिवस शाळेमागच्या एका खोलीत काढायचे, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा क्रम होता. त्यांच्या गणिताचा निकाल तालुक्यात चांगला समजला जाई. बोर्डाचे परीक्षक म्हणूनही त्यांनी वीस वर्षे काम केले होते.

वर्गसमीकरणाचा धडा त्यांच्या खास आवडीचा. समीकरण सोडवायच्या पद्धती तीन. पहिली अवयवांची. मधल्या पदाची फोड करायची आणि दोन कंस पाडायचे. "चाळीसचे असे दोन अवयव सांगा, ज्यांच्यात तीनचा फरक आहे," असे ते विचारत आणि वर्ग ओरडे, "आठ आणि पाच!" दुसरी सूत्राची. सूत्र ते सबंध वर्गाकडून तालात म्हणवून घेत. तिसरी पूर्ण वर्गाची. ती ते फळ्यावर चौकोन काढून, फारसे न बोलता, दीड तासात उरकत. परीक्षेत तिला पर्याय असतो, असे त्यांचे मत होते.

मग येत शाब्दिक उदाहरणे. शेताची लांबी, मुलाचे वय, सहलीला गेलेल्यांची संख्या. समीकरण मांडले की उत्तरे दोन येतात, आणि बहुधा त्यातले एक उणे असते. लांबी उणे नसते, वयही नसते, म्हणून ते उत्तर खोडायचे आणि कारण लिहायचे. मुले खोडायला विसरत आणि गुण जात. १९८१च्या सुमारास मधुकररावांनी यावर एक उपाय काढला. दोन्ही उत्तरे फळ्यावर लिहून ते वर्गाकडे वळत आणि खडू वर धरत.

"उणे?"

"खोडा!"

"का?"

"ऋण नसते!"

हा गजर शाळेसमोरच्या पानटपरीपर्यंत जायचा. निकाल सुधारला. कोणी वर्गात उशिरा आले की मुले आपसांत हळूच म्हणत, "उणे?" आणि मागचा बाक उत्तर देई, "खोडा!" मधुकरराव ते ऐकून न ऐकल्यासारखे करत. पंधरा वर्षे हे चालले.

फटीबाहेर तानबाही ते ऐकत होता.

तानबा नववी नापास होऊन १९७८ साली शिपाई म्हणून लागला. १९९२ साली शाळेचे कारकून बापूराव यांनी त्याला नियम समजावून सांगितला. "मी शहाण्णवच्या डिसेंबरात रिटायर होतो. तू तोवर धा पास झाला तर माह्या खुर्चीवर पयला हक्क तुहा. नाई झाला तर संस्था आपला मानूस आनते. मंग तू आन् तुही घंटा."

तानबाने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता. पुढच्या तीन वर्षांत मराठी, हिंदी, इतिहास-भूगोल, विज्ञान सुटले. इंग्रजी अगदी काठावर सुटले. गणित अडले. दिवसभर स्टुलावर बसून तो ऐकायचा, आणि साडेचारला खोल्या बंद केल्या की वही घेऊन मधुकररावांच्या खोलीवर जायचा.

"बस ना, तानबा."

"नाई सर. अजून झाडायचं राह्यलं."

तो उभ्यानेच विचारी, आणि विचारी ते फक्त शाब्दिक उदाहरण. समीकरण कसे मांडायचे ते त्याला जमत नसे. मधुकरराव मांडून देत, तो पुढचे तिथेच सोडवी, उणे उत्तरावर काट मारी. ते बरोबरच असे. नुसती समीकरणे त्याने कधी दाखवली नाहीत. "ते येते मले," तो म्हणे. मधुकररावांनीही कधी मागितली नाहीत.

मार्च १९९६ला तानबा समुद्रपूरच्या केंद्रावर गणिताचे पेपर देऊन आला. बीजगणिताच्या दिवशी तो एसटीतून उतरला तो सरळ शाळेत.

"सर, यंदा पुरं सोडवलं. एकबी प्रश्न नाई सोडला."

बापूरावांनी ऑफिसातून विचारले, "पेपर सोडवला का टोल देऊन आला बावा?" तानबा हसला. तीन वर्षांत गणिताच्या पेपरानंतर तो पहिल्यांदाच हसत होता.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वर्ध्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये परीक्षकांची बैठक झाली. कोणत्या उत्तराला किती गुण द्यायचे, याची आदर्श उत्तरपत्रिका नियामक वाचून दाखवतात आणि शंका विचारतात. शंका सहसा नसतात. मधुकरराव पहिल्या रांगेत होते.

प्रश्न असा होता. एका संख्येच्या वर्गात त्या संख्येची तिप्पट मिळवली तर चाळीस येतात. तर ती संख्या कोणती?

"उत्तर, पाच किंवा उणे आठ," नियामकांनी वाचले. "दोन्ही पाहिजेत. एकच ठेवले तर एक गुण कमी."

मधुकररावांनी हात वर केला. "साहेब, उणे आठ ग्राह्य नाही, असं पाहिजे तिथं. छपाईत राहिलं वाटतं."

नियामकांनी चष्म्यावरून पाहिले. "काऊन ग्राह्य नाही?"

"शाब्दिक उदाहरण आहे."

मागून एक बाईंचा आवाज आला. ज्योत्स्ना उमाटे, सेलूकडच्या एका शाळेत सात वर्षांपासून गणित शिकवणाऱ्या. "सर, शेताची लांबी राहिली असती तर मीबी खोडलं असतं. पण इथं नुसती संख्या विचारून राह्यले. उणे आठ काय संख्या नाही होय?"

"काश्मिरातल्या थंडीले विचारा," कोणीतरी म्हणाले. हॉलमध्ये हशा पिकला. मधुकररावही थोडे हसले. मग त्यांनी समोरच्या कागदाच्या कडेला मांडून पाहिले. उणे आठचा वर्ग चौसष्ट. तिप्पट, उणे चोवीस. चौसष्टातून चोवीस गेले, चाळीस. उत्तर बरोबर होते.

एखादे उणे उत्तर मूळ समीकरणात घालून त्यांनी शेवटचे कधी पाहिले होते, ते त्यांना आठवेना. तिथवर जायच्या आधीच ते खोडलेले असे.

दोनशे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन ते बोरगाव मेघेला आले. कोणत्या जिल्ह्याच्या, कोणत्या शाळेच्या, हे परीक्षकाला कळत नाही. पुढच्या खोलीत कूलरसमोर टेबल मांडून त्यांनी तपासणी सुरू केली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उणे आठ खोडलेल्या एकोणीस उत्तरपत्रिका झाल्या होत्या. विसावी उघडली. अक्षर सुबक होते. खाली पट्टीने रेघ मारून लिहिले होते, "परंतु संख्या ऋण नसते. म्हणून उणे आठ ग्राह्य नाही."

शब्दन् शब्द त्यांचाच होता. हे मूल त्यांच्या वर्गात कधी बसले नव्हते. त्याला दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या कुठल्या तरी गावात, हेच शिकवले होते. लाल पेन हातात तसेच राहिले. एक गुण. देऊन टाकला तर कोणी विचारणार नव्हते. दोनशेतल्या पाच-दहा पत्रिकाच नियामक उघडून पाहतात.

सुमतीबाई चहा घेऊन आल्या. "थांबले काऊन? कोरा पेपर निघाला का?"

"नाही. एकानं माझं वाक्य लिहिलं."

"मग चांगलंच झालं की."

"एक गुण कापायचा आहे त्याचा."

सुमतीबाईंना ते समजले नाही, पण त्यांनी पुढे विचारले नाही. मधुकररावांनी गुण कापला. वाघोडीच्या एकेचाळीस मुलांच्या आणि एका तानबाच्या उत्तरपत्रिका याच दुपारी दुसऱ्या कोणाच्या तरी टेबलावर असतील, असे त्यांच्या मनात आले. तो परीक्षक ढिला असावा, असेही आले. हे आपण काय मागत आहोत ते लक्षात आल्यावर ते उठले, पाणी पिऊन आले आणि एकविसावी उघडली. शेवटी दोनशेत त्रेसष्ट निघाल्या. त्रेसष्ट ठिकाणी त्यांनी एकेक गुण कापला.

मे महिन्याच्या पहिल्या दिवशी खालच्या वर्गांचे निकाल लागले. कार्यक्रम संपल्यावर तानबा मैदानातल्या टाटपट्ट्या गुंडाळत होता. मधुकरराव जवळ गेले.

"तानबा, ते संख्येचं उदाहरण होतं पेपरात. काय लिहिलं तू?"

"पाच. उणे आठ खोडलं न, सर."

"बरं." एक गुण, त्यांनी मनात धरला.

"बाकीच्यातबी खोडलं," तानबा टाटपट्टी झटकत म्हणाला. "एकबी उणे ठेवलं नाई कोठी."

"बाकीच्यात म्हणजे?"

"ते नुसते 'सोडवा' म्हनून राह्यते न, त्यातबी. दोघांत एकेक उणे आलतं. एकात तर दोन्हीच उणे आले. म्या दोन्ही खोडले आन् लिवलं, उत्तर नाई."

मधुकररावांनी त्याच्याकडे पाहिले. तानबा मजेत होता. नुसते समीकरण दिले असेल तर दोन्ही मुळे लिहायची असतात, उणे असोत की धन. हे वर्गातले प्रत्येक मूल जाणत होते, कारण फळ्यावर कोणत्या उदाहरणात काट पडते आणि कोणत्यात पडत नाही, हे त्याला दिसत होते. फटीबाहेर फक्त गजर जात होता. संख्येच्या उदाहरणाचा एक, दोन समीकरणांचे दोन, दोन्ही मुळे खोडली त्याचे दोन. पाच गुण झाले.

तिथेच सांगायला हवे होते. मधुकरराव "बरं" म्हणाले आणि खोलीकडे वळले. भूमितीत निघेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. सवलतीचे गुण असतात. निकालाआधी कशाला त्याचा उन्हाळा बिघडवायचा? शनिवारच्या एसटीने ते घरी गेले, तेव्हाही काही बोलले नव्हते.

जूनमध्ये निकाल आला. वर्गाचा निकाल नेहमीसारखा चांगला होता. एकेका गुणाने कोणाचे काही अडले नव्हते. तानबा नापास झाला. सवलतीचे गुण धरूनही चार कमी पडले.

त्याने गुणपत्रिका घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि त्या दिवशीच्या सगळ्या घंटा वेळेवर दिल्या. दोन दिवसांनी बापूरावांनी ऑक्टोबरचा फॉर्म पुढे केला. शेवटची तारीख पंचवीस जुलै होती.

"नाई भरत," तानबा म्हणाला. "माहं डोकंच नाई तेवढं. पुरा पेपर लिवून नापास होतो म्हंजे का राह्यलं?"

"अबे, आखरी मोका हाये. डिसेंबरात मी चाललो."

"जा न मंग."

मधुकरराव हजेरीपटावर सही करत होते. त्यांनी ऐकले. त्याच आठवड्यात संस्थेच्या सेक्रेटरींचा पुतण्या शाळा पाहायला म्हणून आला, ऑफिसात बसला आणि बापूरावांच्या खुर्चीच्या हाताला हात लावून म्हणाला, "ही हलते काय?" तानबाने त्याला पाणी आणून दिले.

जुलैच्या चौथ्या सोमवारी मधुकररावांनी धड्यांचा क्रम मोडला आणि वर्गसमीकरणे आधी घेतली. तिसरा तास होता. नवा वर्ग, अडतीस मुले. ते फळ्याजवळून दाराकडे गेले आणि फटीतून म्हणाले, "तानबा, आत ये."

"घंटेले वीस मिनटं हायेत, सर."

"माहीत आहे. आत ये. बस."

तानबा शेवटच्या बाकाच्या टोकावर टेकला. टोल द्यायचा लाकडी हातोडा त्याच्या हातातच होता. अठरा वर्षांत त्याने ते बाक रोज पुसले होते, त्यावर बसला कधी नव्हता. पुढची मुले वळून पाहू लागली.

मधुकररावांनी मार्चच्या पेपरातले संख्येचे उदाहरण सांगून फळ्यावर त्याचे समीकरण लिहिले. एक्सचा वर्ग अधिक तीन एक्स वजा चाळीस बरोबर शून्य. अवयव पाडले. पाच आणि उणे आठ. वरच्या वर्गातून गजर ऐकत आलेली मुले तयारच होती. सरांनी खडू वर धरला नाही.

"हे उणे आठ आपण खोडायचो," ते म्हणाले. "मी खोडायला लावायचो. ते चूक आहे. लांबी, वय असेल तर खोडायचं. नुसती संख्या असेल किंवा नुसतं समीकरण असेल, तर खोडायचं नाही. मी मुलांकडून फक्त 'खोडा' म्हणवून घेतलं. केव्हा खोडायचं ते ज्याला फळा दिसत होता त्याला कळलं. ज्याला दिसत नव्हता त्याला कळलं नाही." त्यांनी शेवटच्या बाकाकडे पाहिले. "तानबाचे मार्चमध्ये पाच गुण यात गेले. चार कमी पडून तो नापास झाला. ती चूक त्याची नाही, माझी आहे. वर्ध्याच्या बैठकीत मला एप्रिलमध्ये ती कळली."

 तानबा उभा राहिला.

"एप्रिलात?"

"हो."

"मंग मे महिन्यात तुमी मले इचारलं. टाटपट्ट्यापाशी."

"हो."

"तवा माहीत होतं तुमाले?"

"होतं."

"महिनाभर मी म्हनून राह्यलो, माहं डोकं नाई. घरीबी तेच सांगतलं. पोरीलेबी." तानबाचा आवाज चढला नव्हता. "तुमी ऐकत होते."

 तानबा बाकामधून बाहेर पडला आणि थोड्याच वेळात घंटा झाली. तास संपायला अकरा मिनिटे होती. मुख्याध्यापक बाहेर आले, घड्याळाकडे पाहिले, तानबाकडे पाहिले आणि परत आत गेले. अठरा वर्षांत तो टोल पहिल्यांदा चुकला होता.

पुढचे तीन दिवस तानबाने सरांच्या टेबलावर चहा आणून ठेवला, पण तोंडातून शब्द काढला नाही. मधुकररावांनीही समजूत काढायचा प्रयत्न केला नाही. पंचवीस तारखेला दुपारी बापूरावांनी फॉर्म पुन्हा काढला.

"भर. राग सरावर हाये न तुहा? फॉर्मावर काऊन काढतं?"

तानबाने उभ्यानेच फॉर्म भरला. संध्याकाळी साडेचारला तो वही घेऊन मधुकररावांच्या खोलीच्या दारात आला, आणि या वेळी कोणी न सांगता आत येऊन खुर्चीवर बसला.

"सांगा," तो म्हणाला. "पन लिवून सांगा. मले आता ऐकून शिकायचं नाई."

दुसऱ्या दिवसापासून ते दहावीच्या वर्गात बसू लागले. रोज साडेचार ते साडेपाच. मधुकरराव फळ्यावर, तानबा पहिल्या बाकावर. पहिला आठवडा फक्त ताळ्याचा होता. उत्तर आले की ते मूळ समीकरणात घालायचे आणि डावी बाजू उजवीइतकी येते का ते पाहायचे. तानबाने उणे आठ घालून पाहिले. चौसष्ट वजा चोवीस. चाळीस. त्याने ते पुन्हा केले.

"हे तर बरोबर हाये," तो म्हणाला. "म्हंजे बरोबर उत्तरावर म्या काट मारली. आपल्या हातानं."

"हो."

"आधी ताळा करायचा. जमला तं उत्तर ठेवायचं. मंग इचारायचं, हे लांबी हाये का वय हाये. तवाच काट."

मधुकररावांनी हे तसेच्या तसे फळ्यावर लिहिले. त्यापेक्षा नीट त्यांना सांगता आले नसते.

पूर्ण वर्गाची पद्धत तानबाला अगदीच नवी होती. बाहेर तिचा आवाजच कधी आला नव्हता. मधुकररावांनी चौकोन काढला, तो एक्सचा वर्ग. समीकरणातल्या पुढच्या पदाचे, सहा एक्सचे, दोन भाग केले आणि तीन-तीन रुंदीच्या दोन पट्ट्या चौकोनाच्या दोन बाजूंना लावल्या. तानबा बराच वेळ पाहत होता.

"पंधरा ऑगस्टले आपन अशाच टाटपट्ट्या टाकतो," तो म्हणाला. "मधात चौकोनी सतरंजी, आन् दोन बाजूले पट्ट्या. तिकडं कोपरा खाली राह्यते. दर साली राह्यते. तिथं पोरं मातीत बसते."

"तो कोपरा केवढा?"

"तीन गुना तीन."

"नऊ. तो टाकला की मोठा चौकोन पुरा होतो. फक्त इकडे नऊ मिळवले तर तिकडेही मिळवायचे."

ज्या पद्धतीला आपण पंचवीस वर्षे दीड तास दिला, तिच्यासाठी मधुकररावांनी सप्टेंबरचे अकरा दिवस घेतले. दोघांमध्ये गणिताशिवाय दुसरे बोलणे होत नव्हते. पूर्वी तानबा जाताना गावातले काहीबाही सांगायचा, सरांच्या घरचे विचारायचा. आता साडेपाच वाजले की वही मिटून तो दिवे बंद करायचा.

ऑक्टोबरात बीजगणिताचा पेपर झाला त्या दिवशी तो एसटीतून उतरून खोलीवर आला. प्रश्नपत्रिकेच्या कडेला त्याने पेन्सिलीने उत्तरे उतरवून आणली होती. मधुकररावांनी चष्मा लावला आणि एकेक ताळा करून पाहू लागले. शेताचे उदाहरण होते. लांबी रुंदीपेक्षा पाचने जास्त, क्षेत्रफळ चौऱ्याऐंशी. तानबाने रुंदी सात आणि उणे बारा काढली होती, उणे बारावर काट मारली होती आणि शेजारी लिहिले होते, "ताळा जमते, पण रुंदी ऋण नसते."

खाली नुसते एक समीकरण होते. उणे चार, उणे पाच.

"दोन्ही उणे आले," तानबा म्हणाला. "ठेवले."

मधुकररावांनी प्रश्नपत्रिका परत दिली. "पास आहेस तू."

"निकाल लागू द्या," तानबा म्हणाला.

निकाल डिसेंबरात लागला. लागत होते त्यापेक्षा सहा गुण जास्त मिळाले. संस्थेत थोडी कुरकुर झाली, पण नियम स्पष्ट होता आणि बापूरावांनी तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर उघडून ठेवला होता. जानेवारी १९९७च्या दोन तारखेला तानबा नेवारे कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाला. नव्या शिपायाने स्टूल घंटेजवळ नेले. तो बारावी पास होता आणि तासांच्या मधल्या वेळात वर्तमानपत्र वाचायचा.

तानबा मधुकररावांना "सर" म्हणे, विचारले तेवढ्याचे उत्तर देई, कागदपत्रे वेळेवर करी. खोलीवर तो पुन्हा आला नाही. मधुकररावांनी त्याला बोलावलेही नाही. वर्गातला गजर बंद झाला होता. नव्या मुलांना तो कधी होता हेही ठाऊक नव्हते.

त्या वर्षी एप्रिलमध्ये परीक्षकांची बैठक संपली तेव्हा मधुकरराव बोरगाव मेघेला गेले नाहीत. हिंगणघाटची बस पकडून, समुद्रपूरला बदलून ते तडक वाघोडीला आले. ऑफिस उघडे होते. त्यांनी एक कोरा कागद मागून घेतला आणि लिहिले, "यंदाच्या आदर्श उत्तरपत्रिकेत आणि मी वर्गात शिकवले त्यात खालील फरक आढळले." खाली दोन मुद्दे होते. सही करून कागद त्यांनी तानबापुढे ठेवला.

तानबाने वाचला. "कोनाच्या कामाचं हे, सर? पेपर झाले. पोरं गेले."

"बाहेरच्या फळ्यावर लाव."

तानबाने जावक रजिस्टर उघडले, क्रमांक टाकला, कागदावर गोल शिक्का मारला आणि व्हरांड्यातल्या सूचना फलकावर चार टाचण्यांनी लावला. पुढे दर एप्रिलला हे होत गेले. कधी दोन मुद्दे, कधी तीन, एकदा फक्त भूमितीतला एक. जावक रजिस्टरात शिक्षणाधिकाऱ्यांना धाडलेल्या पत्रांमध्ये या कागदांच्या नोंदी आहेत. मग मे महिन्याची सुट्टी लागे. कागद जूनपर्यंत उन्हात पिवळा पडायचा. वाचणारा एखादाच, बहुधा गुणपत्रिकेची चौकशी करायला आलेला.

२००३ साली मधुकररावांची निवृत्ती जूनअखेर ठरली होती. एप्रिलच्या बैठकीहून ते नेहमीसारखे आले, कागद लिहिला आणि टेबलावर ठेवला. एकच मुद्दा होता. "पूर्ण वर्ग पद्धतीत दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घेताना अधिक आणि वजा अशी दोन्ही चिन्हे का लावायची, हे मी यंदा वर्गाला सांगितले नाही, नुसते लावायला सांगितले."

तानबाने तो दोनदा वाचला. आता तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, चष्मा लागला होता.

"हे तं तुमी मले सांगतलं होतं," तो म्हणाला. "टाटपट्टीच्या चौकोनापाशी. सांगतलं होतं, पाचचा वर्ग पंचवीस आन् उणे पाचचाबी पंचवीस."

"तुला सांगितलं. वर्गाला राहिलं."

 तानबाने रजिस्टर उघडून क्रमांक टाकला आणि शिक्का मारला. टाचण्यांची डबी घेऊन तो व्हरांड्यात गेला, तेव्हा मधुकररावही उठून त्याच्यामागे गेले. आजवर ते फलकापर्यंत कधी गेले नव्हते. तानबाने कागदाचे एक टोक लावले आणि दुसरे धरायला त्यांच्याकडे दिले.